गर्डलिंग करूनही मणी फुगत नाहीत? साखर कुठे अडली ते वेलीवरच तपासा

डिसेंबर उजाडला की द्राक्ष पट्ट्यात ठरावीक तक्रारी सुरू होतात. गर्डलिंग (खोडावरची साल कड्यासारखी काढून खाच पाडणे) वेळेत झाले, जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढ संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवण्याच्या डिपिंगही झाल्या, तरी मणी १४-१५ मि.मी.वर अडून बसले. एका ओळीत फुगवण चांगली, शेजारच्या ओळीत नाही. काही बागांत मणी हवे तसे फुगतात, पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल नीट फुटत नाही आणि पुढच्या हंगामात घड कमी निघतात. मग कुणी जीएची मात्रा वाढवतो, कुणी पुन्हा खाच पाडतो, कुणी पोटॅशच्या फवारण्या लावतो. या तिन्ही तक्रारींचा उलगडा सालीच्या आतल्या एका पातळ थरात आहे. तो थर काय काम करतो हे एकदा नीट समजले, की कोणत्या वेलीला काय हवे आहे हे वेलीकडे पाहूनच कळू लागते.

सालीत काय चालते

खोडावरची सुटी, तंतुमय, तपकिरी साल मृत असते. ती काढली की खाली दोन-तीन मि.मी. जाडीची ओलसर, फिकट हिरवट-पिवळी जिवंत साल लागते. तिच्यात रसवाहिन्या असतात. तिच्या आत नवी साल आणि लाकूड तयार करणाऱ्या बुळबुळीत कॅम्बियमचा पापुद्रा आणि त्याच्याही आत पांढरे, कठीण लाकूड. लाकडातल्या जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात. रसवाहिन्या पानांनी तयार केलेली साखर जिथे लागेल तिथे पोचवतात. द्राक्षवेलीत ही साखर मुख्यतः सुक्रोजच्या रूपात प्रवास करते. मण्यात गेल्यावर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते.

ही साखर ढकलली कशी जाते? पानातल्या बारीक शिरांमध्ये सुक्रोज रसवाहिनीत भरले जाते. रस दाट झाला की शेजारच्या जलवाहिनीतले पाणी तिकडे ओढले जाते आणि आतला दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे मण्यात, मुळीत किंवा वाढत्या शेंड्यात, साखर बाहेर काढून वापरली जाते. तिथले पाणीही निघून जाते आणि दाब उतरतो. ठिबकच्या नळीत पंपाकडून ड्रीपरकडे पाणी जावे, तसा रस जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये हे स्पष्टीकरण मांडले आणि आजही ते आधारभूत मानले जाते. वेग साधारण ताशी अर्धा ते एक मीटर. या प्रवाहाला 'वरून खाली' अशी ठरलेली दिशा नसते. जो अवयव साखर जोरात ओढतो, तिकडे ती जाते.

खोडावरची साल कड्यासारखी काढली की लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जात राहते, पण मुळांकडे निघालेली साखर खाचेवर थांबते. सतराव्या शतकात मार्चेल्लो माल्पिगी यांनी झाडांवर असेच कडे काढून पाहिले, तेव्हा खाचेच्या वरची कड सुजलेली त्यांना दिसली होती. तीच सूज आज तुमच्या वेलीवर दिसते. म्हणजे गर्डलिंगने बागेत जास्तीची साखर तयार होत नाही. मुळांचा तीन-चार आठवड्यांचा वाटा घडांना उसना दिला जातो. उसने घेण्यासारखे काही असेल तरच फायदा दिसतो, आणि ते वेळेत परत केले नाही तर मुळे उपाशी राहतात.

आधी तुलनेची सोय करा

प्रत्येक प्लॉटमध्ये पाच वेली गर्डलिंगशिवाय सोडा आणि त्यांना रंगीत फीत बांधा. गर्डलिंग केलेल्या पाच वेलींनाही खूण करा. प्रत्येक खुणेच्या वेलीवरील एका घडाच्या मधल्या भागातले दहा मणी व्हर्नियरने दर तीन दिवसांनी मोजा. हे मोजमाप नसेल तर गर्डलिंग लागू पडले की जीए, हवामान की पाणी, याचा अंदाजच बांधावा लागतो. खाली दिलेले बहुतेक निदान या दहा वेलींच्या तुलनेवर उभे आहे.

खाच तपासा: सातव्या ते दहाव्या दिवशी

सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात आणि त्या पाच मिनिटांत दिसतात.

नीट झालेल्या खाचेची वरची कड सर्व बाजूंनी सारखी सुजते. एखाद्या बाजूला सूज नसेल, तर तिथे सालीचा पूल राहिला आहे. दोन मि.मी.ची अखंड पट्टी उरली तरी साखर तिथून वाट काढते, कारण बाजूच्या रसवाहिन्या वळून त्या पुलाकडे येतात. खोडाला खोबण असलेल्या जुन्या वेलींत हे हमखास होते. सुरी वरवर फिरते, पण खोबणीतली साल तशीच राहते. उपाय सोपा आहे: टोकदार चाकूने तेवढाच पूल काढा, पूर्ण खाच पुन्हा पाडू नका.

दहा-बारा दिवसांतच खाच भरून आली असेल, तर कॅम्बियम निघाले नव्हते. साल निघाली, पण बुळबुळीत पापुद्रा लाकडावर राहिला आणि त्याने नवी साल तयार केली. अशा वेलींत फुगवणीचा पहिला झटका दिसतो आणि मग वाढ मंदावते. पट्टी काढल्यावर लाकडावरून कोरडे फडके एकदा फिरवले तर हे टळते.

खाच पाडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भर दुपारी पाने मलूल होत असतील, तर पाते लाकडात शिरले आहे. सुरीला ओला पांढरा भुसा लागला असेल तर नक्कीच. इथे जलवाहिन्या कापल्या गेल्या आहेत. या वेलीचे मणी फुगणार तर नाहीतच, उलट आकसतील. तिच्यावरचे घड लगेच एक तृतीयांशाने कमी करा, पाणी थोडे-थोडे पण दिवसातून दोनदा द्या, आणि खाचेवर कलमाची प्लॅस्टिक पट्टी गुंडाळा.

रुंदी हा वादाचा विषय होतो. दुहेरी पात्याच्या सुऱ्या वेगवेगळ्या रुंदीच्या मिळतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपासच्या फळछाटणीनंतरच्या थंडीत कॅम्बियमची वाढ मंद असते, त्यामुळे दोन ते तीन मि.मी. पुरेशी आहे. पाच मि.मी.ची खाच सशक्त वेलीतही महिन्याभरात भरेल याची खात्री नसते. जास्त रुंद खाचेने जास्त साखर अडत नाही, दोन मि.मी.ची पूर्ण खाच आणि पाच मि.मी.ची पूर्ण खाच सारखीच अडवतात. फरक पडतो तो फक्त भरून येण्याच्या दिवसांत.

दरवर्षी जुन्या खाचेपासून तीन-चार सें.मी. अंतर ठेवा आणि डॉग्रिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम केले जाते त्या वेलीवर) वाढवलेल्या बागेत कलमाच्या जोडाच्या वर, सरळ भागात खाच घ्या. जोडाच्या गाठीवर साल एकसारखी निघत नाही.

खाच बरोबर आहे, तरी फुगवण नाही

आता प्रश्न दोनच उरतात. पाने पुरेशी साखर तयार करत नाहीत, की साखर आहे पण मणी ती घेत नाहीत? दोन्हीचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून अंदाजावर जाऊ नका. यासाठी आयोडीनची चाचणी करा. शाळेच्या प्रयोगशाळेतली ही चाचणी बागेत फार उपयोगी पडते.

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास खुणेच्या वेलीवरचे, घडाच्या वरचे पूर्ण वाढलेले एक पान घ्या. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्याआधी त्याच वेलीवरचे तसेच दुसरे पान घ्या. गर्डलिंग न केलेल्या वेलीवरूनही अशीच जोडी घ्या. पाने मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा, मग स्पिरिटमध्ये ठेवा. स्पिरिटचे भांडे गरम पाण्यात ठेवायचे, थेट ज्योतीवर अजिबात नाही, कारण ते पेट घेते. हिरवा रंग निघून पान फिकट झाले की कोमट पाण्यात धुवा आणि एक भाग टिंक्चर आयोडीन व दहा भाग पाणी असे मिश्रण त्यावर दोन-तीन मिनिटे ठेवा. स्टार्च असेल तिथे पान निळे-काळे होते.

दिवसा पान जास्तीची साखर स्टार्च म्हणून साठवते आणि रात्री ती मोडून रसवाहिनीतून पाठवते. म्हणून निरोगी, गर्डलिंग न केलेल्या वेलीचे संध्याकाळचे पान गडद आणि पहाटेचे फिकट दिसते. गर्डलिंगनंतर पहिले काही दिवस पहाटेचे पानही थोडे गडद राहते, ते स्वाभाविक आहे. दहाव्या दिवसानंतरची चाचणी खरी समजावी.

संध्याकाळचे पानच फिकट असेल तर साखर कमी पडते आहे. पहाटेचे पान गडद असेल आणि मणी थांबले असतील तर साखर अडून पडली आहे.

साखरच कमी पडत असेल तर

काडीवरची पाने मोजा. घडाच्या वर पूर्ण वाढलेली, उन्हातली, निरोगी पाने १२ ते १५ हवीत. मोजताना शेंड्याकडची कोवळी पाने धरू नका. पान साधारण निम्म्या आकाराचे होईपर्यंत साखर पाठवण्याऐवजी स्वतःच ओढत असते. तसेच कॅनोपीच्या (पानांच्या विस्ताराच्या) आत दाट सावलीत गेलेली जुनी पानेही धरू नका. अशी पाने बाहेरून साखर घेत नाहीत, पण घडाला देण्याइतकी बनवतही नाहीत. पिवळी पडून गळतात. भुरी किंवा डाऊनीने डागाळलेले पान अर्धे धरा.

पाने आठ-दहाच असतील तर गर्डलिंगचा उपयोग नाही, आणि आता शेंडे वाढवून पाने मिळवायला वेळही उरलेला नसतो. एकच उपाय उरतो तो घड कमी करण्याचा. निर्यातीच्या बागेत दीड चौरस फुटाला एक घड हे प्रमाण वापरले जाते. ९ बाय ५ फुटांवरच्या वेलीला ४५ चौरस फूट मिळतात, म्हणजे सुमारे ३० घड. त्या वेलीवर ५० घड लटकत असतील तर खोडावर कितीही सुबक खाच पाडा, वाटणीत प्रत्येक मण्याला कमीच येणार. विरळणी मनाला जड जाते, पण भार कमी करण्याला पर्याय देणारे एकही औषध बाजारात नाही.

पाने पुरेशी, तरी संध्याकाळचे पान फिकट, असे झाले तर पानांच्या खालच्या बाजूला तुडतुडे आणि लाल कोळी पाहा, आणि काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत मॅग्नेशियमची कमतरता तपासा. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो ही तिची खूण. मॅग्नेशियम सल्फेट पाच ग्रॅम प्रति लिटर प्रमाणे आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा. जमिनीतून देऊन या टप्प्यावर फारसा फायदा होत नाही, कारण गर्डलिंग केलेल्या वेलीची मुळे उपाशी असतात आणि पांढरी मुळी कमी टाकतात. युरियाही आता नको. तो शेंडे वाढवतो आणि शेंडा हा घडाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आहे. बगलफुटी काढा, शेंडे मारा.

साखर अडून पडली असेल तर

पाने जाड, ठिसूळ, कडांनी खाली वळलेली आणि पहाटेही स्टार्चने भरलेली. इथे पोटॅशची फवारणी वाढवण्याची घाई होते. पोटॅशियम रसवाहिनीत साखर भरायला मदत करते हे खरे, पण आधी पाणी आणि तापमान पाहा.

पाण्याचे कारण वर आलेच आहे: रसवाहिनीतला दाब जलवाहिनीतून ओढलेल्या पाण्यावर तयार होतो. जमीन कोरडी असेल तर दाबच तयार होत नाही. गर्डलिंगच्या वेळी आणि नंतर चार आठवडे जमीन वाफशावर हवी. मात्र पाणी साचले तर हवा मिळत नाही आणि आधीच उपाशी असलेली मुळे कुजतात. ठिबकखालची माती १५ सें.मी. खोलीवरून मुठीत घ्या. दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये.

थंडी हे नाशिक जिल्ह्यातले मोठे कारण आहे. निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली बऱ्याचदा उतरतो. थंडीत साखरेचा रस चिकट होतो, त्यामुळे प्रवाह मंदावतो. मण्यातली पेशींची वाढही मंदावते, त्यामुळे ओढ कमी होते. दोन्ही टोकांनी प्रवाह थंडावतो. तीन-चार दिवसांची लाट असेल तर पहाटे विहिरीचे तुलनेने उबदार पाणी ठिबकने द्या आणि थांबा. लाट ओसरल्यावर फुगवण पुन्हा सुरू होते. लाटेचा अंदाज असेल तर खाच पुढे ढकला, कारण थंडीत ती भरतही नाही.

वेळ चुकली असेल तर मात्र उपाय उरत नाही. आकारासाठी गर्डलिंग मणी ४ ते ५ मि.मी.चे असताना करायचे असते, साधारणपणे फळछाटणीनंतर ५५-६० दिवसांनी. मण्याचा अंतिम आकार बराचसा त्या टप्प्यात ठरतो. आठ-नऊ मि.मी.वर केलेल्या खाचेचा परिणाम निम्माही दिसत नाही. मण्यात पाणी उतरताना (मणी मऊ होऊ लागताना) केलेली खाच रंग आणि गोडीला मदत करते, आकाराला नाही. शरदसारख्या रंगीत वाणात तिचा उपयोग आहे, थॉमसन या पांढऱ्या वाणात आकारासाठी नाही.

कॅल्शियमबद्दल एक गैरसमज इथे दूर करणे गरजेचे आहे. कॅल्शियम रसवाहिनीतून जवळपास प्रवास करत नाही. पानांवर फवारलेले कॅल्शियम पानातच राहते. ते खाचेमुळे घडाकडे वळत नाही. मण्याच्या सालीसाठी कॅल्शियम द्यायचे तर ते मणी लहान असताना थेट घडावर पडले पाहिजे.

गर्डलिंग न केलेल्या वेलीवरही तीच लक्षणे

फीत बांधलेल्या वेलींची पानेही जाड आणि खाली वळलेली दिसली तर खाचेला दोष देऊ नका. खोडावर सुतळी, नायलॉन दोरी किंवा तार रुतली आहे का ते पाहा. कोवळ्या वेलीला बांबूशी बांधलेली दोरी दोन-तीन वर्षांनी सालीत घुसते आणि न मागितलेले गर्डलिंग वर्षभर चालू राहते. रुतलेल्या जागेच्या वर खोड फुगलेले आणि खाली बारीक दिसते. दोरी कापून काढा. बागेत वर्षानुवर्षे मागे पडणाऱ्या एकट्या-दुकट्या वेलींमध्ये हे कारण वारंवार निघते.

सुट्या सालीखाली पिठ्या ढेकूण आणि मुंग्या असतील तर ते रसवाहिनीतलीच साखर पितात; चिकट स्राव आणि त्यावरची काळी बुरशी ही खूण. खाचेच्या सुजलेल्या कडेखाली त्यांना आयता आसरा मिळतो, म्हणून गर्डलिंगआधी सुटी साल काढून खोड स्वच्छ करणे टाळू नका. पिठ्या ढेकूण लीफरोल हा विषाणूही पसरवतात. तो रसवाहिनीतच राहतो. रंगीत वाणात शिरा हिरव्या ठेवून पान लालसर होते, कडा खाली वळतात आणि गोडी उशिरा भरते. अशा वेलीला गर्डलिंग करू नका, तिच्या काड्या कलमासाठी घेऊ नका.

खाच भरत नाही आणि एप्रिलची फूट कमजोर

५५-६० दिवसांवर घेतलेली खाच चार आठवड्यांत भरली, तर काढणीपर्यंत आणखी महिनाभर मुळांकडे साखर जाते आणि काढणीनंतरच्या विश्रांतीत साठा पुरा होतो. उसना वाटा परत करण्याची मुदत हीच. खरड छाटणीनंतरची फूट आणि डोळ्यांतली घडनिर्मिती याच साठ्यावर चालते. म्हणून चौथ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक खुणेची खाच पाहा: वरच्या कडेतून उतरलेला मलईच्या रंगाचा मऊ जोड खालच्या कडेला भिडलेला असावा.

सहाव्या आठवड्यातही लाकूड उघडे असेल, तर कडांची वाळलेली साल धारदार चाकूने एक मि.मी. छाटा, जिवंत हिरवट साल दिसू द्या, आणि कलमाची पट्टी घट्ट गुंडाळा. उघडे लाकूड वाळले की जोड पुढे सरकत नाही; ओलावा टिकला तर तो सरकतो. पट्टी तीन आठवड्यांनी काढा, नाहीतर तीच रुतते. काढणीनंतर या वेलींची पाने टिकवा, हलके पाणी चालू ठेवा आणि विश्रांती इतर वेलींपेक्षा जास्त दिवस द्या.

खाच काढणीनंतरही भरली नसेल तर वेल फक्त जुन्या साठ्यावर तग धरून आहे. खाचेखालून डॉग्रिजची फूट आली असेल तर ती काही दिवस राहू द्या. तिची पाने मुळांना खायला घालतात. दरम्यान कलम करणाऱ्या जाणत्या माणसाकडून खाचेवरून दोन-तीन काड्यांचे पूल कलम करून घ्या, आणि पूल जुळून साखर खाली जाऊ लागल्यावरच खुंटाची फूट काढा. पुढच्या हंगामात त्या वेलीला खाच नको. पहिल्या-दुसऱ्या फळाच्या बागेलाही नको, आणि जिथे मागच्या वर्षीची खाच आजही बोटाला खोल लागते, तिथेही नको.